मुठीचं मडकं

फार वर्षांमागे चर्चच्या आळीत रिबेकाबाई साळव्यांच्या फडताळात एक मडकं राहत होतं. भाताचं आधण ठेवण्याआधी बाई त्यात मूठभर तांदूळ टाकत. आळीत घरोघरी असं मडकं होतं. रविवारी सगळ्यांचे तांदूळ गोळा होत आणि ज्या घरची चूल थंड, त्या घरी पोचत.

पुढे शेजारी फ्रीज आला म्हणून साळव्यांकडेही आला. मागोमाग मिक्सर, मोठा टीव्ही. बाईंची मूठ आखडत गेली.

“बाई, आधी माझी मूठ,” मडकं म्हणालं.

“आधी घरचं भागू दे बाबा. उरेल त्यातून टाकीन.”

“मी असताना उरायचं कसं?” फ्रीज गुरगुरला.

उरलं नाहीच. मडक्यात गॅरंटी कार्डं पडू लागली. रविवारी त्याला कुणी खाली काढेना.

मग बाईंचे यजमान याकोबराव ज्या कारखान्यात कामाला होते, तो बंद पडला. तांदळाचा डबा खडखडीत झाला. रविवारी चर्चचे पाळकसाहेब आले आणि त्यांनी ओट्यावर रिकामी पिशवी ठेवली.

“तुमच्यासाठी सगळी आळी फिरलो, बाई. एकाही मडक्यात दाणा नाही.”

रिबेकाबाईंनी आपलं मडकं खाली घेतलं. त्यांचा हात आत आला, तसा मडक्याने तो लगेच ओळखला. पण आज तो काही टाकायला आला नव्हता. तळ चाचपून तो वर गेला, तेव्हा बोटांत फ्रीजचं कार्ड होतं, मुदत संपलेलं.