खोलीतला दोष

"...तर मग दोष खोलीत आहे की माझ्या कानात? तेवढं सांगा, चाचा."

गफूरचाचा अजून जिना चढून दम खात होते. ऐंशी पार केलेला माणूस, मिरजेहून सांगलीला रिक्षानं आलेला, आणि वर हा चढ.

श्रीपाद नाडगौडांना मात्र धीर नव्हता. साखर कारखान्यात तीस वर्षं मुख्य इंजिनियर म्हणून काढली की प्रश्नाला उत्तर हजर लागतं. त्या तीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही यंत्राची बिचाऱ्याची जास्तीची कुरकुर करायची छाती झाली नव्हती.

तरुणपणी हेच श्रीपाद कॉलेज सुटलं की चाचांच्या दुकानात जाऊन बसत. चाचा तंबोरे करायचे. तारेखालचं सूत केसभर सरकवून तारेचा आवाज खुलवायचे आणि विचारायचे, "आलं ऐकू?"

श्रीपाद "आलं" म्हणायचे. आलं नसलं तरी.

"बसा ना," आता ते म्हणाले.

चाचांनी खोलीवरून नजर फिरवली. बंगल्याच्या वरच्या मजल्यावरची ही खोली नाडगौडांनी फक्त गाणं ऐकायला नव्यानं करून घेतली होती. समोरासमोरच्या भिंती मुद्दाम तिरप्या, म्हणजे आवाज दोन्हींमध्ये चेंडूसारखा टप्पे खात बसू नये. भिंतींत लोकर, छताला लाकडी पट्ट्या, पायाखाली जाड गालिचा. दार तर बँकेच्या तिजोरीला शोभेल असं. समोर दोन स्पीकर, आणि त्यांच्यासमोर खुर्ची.

"खुर्ची एकच?"

"आवाज ह्या एकाच जागी नेमका जुळतो, चाचा. हातभर सरकलं की बिघडला."

"हां..."

चाचा गालिच्यावर बसले. भिंतीला टेकून.

"वाजव."

नाडगौडांनी बटण दाबलं. कुमुदिनीबाई गाऊ लागल्या.

हा नाडगौडांच्या बायकोचा आवाज. त्या जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या गाण्याची अकरा वर्षांची ध्वनिमुद्रणं घरात होती, सगळी नाडगौडांनी स्वतः केलेली. त्या गात असत तेव्हा हे कानाला हेडफोन लावून यंत्रावरच्या काट्याकडे बघत बसत. "जरा मागं सरक." "हे पुन्हा घे." "खोकलीस, पुन्हा."

आवाज हळूहळू उतरत षड्जावर आला आणि थांबला.

त्या थांबण्याच्या मागोमाग खोलीत काहीतरी गुणगुणलं. बारीक. क्षणभर.

"हा! हाच!" नाडगौडा ओरडलेच. "ऐकलंत? दरवेळी हिचा षड्ज आला की हा येतो. ध्वनिमुद्रणात नाही हं, खालच्या खोलीत वाजवलं तर नसतो. पुण्याचे आपटे आले होते मागच्या महिन्यात. मोठे जाणकार. ह्या खुर्चीत बसले आणि काय म्हणाले? 'नाडगौडा, खोली फार छान, पण काहीतरी गुणगुणतंय.' रविवारी वर्षश्राद्धाला परत येतायत. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"काय काय बघितलंस?"

"सगळं. दिव्यांच्या काचा, पंखा, एकूण एक खिळा. भिंतीतली लोकर दोनदा काढून परत भरली. शेवटी सुतारानं हात जोडले."

"आन् ते?"

चाचांचं बोट कोपऱ्यातल्या जाड पडद्याकडे होतं.

"ते... भिंतीतलं कपाट आहे."

"काय हाय त्यात?"

"विशेष काही नाही. कुमुदचं सामान."

"उघडून बघितलंस?"

नाडगौडा स्पीकरची वायर सरळ करू लागले. ती सरळच होती.

"श्रीपाद. तुला विचारतोय."

"नाही," ते म्हणाले. "ती गेल्यापासून नाही उघडलं. सुतारालाही म्हटलं, त्याला हात लावू नकोस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा हा वळसा कित्येक महिने चालला होता. पण चाचा हसले नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठले, पडदा सारला, कपाटाचं दार ओढलं.

आत तंबोरा उभा होता. भोपळ्याखाली जुन्या साडीची चुंबळ, अंगावर खोळ नाही. लग्नात चाचांनीच दिलेला.

"गवसणी न्हाई घातली?"

"तिनंच नाही घातली." नाडगौडा दारातच थांबले होते. "आजारपणातही रोज घटकाभर काढायची. शेवटच्या दिवशी मी गवसणी दिली हातात, तर म्हणाली, राहू दे, उद्या परत काढायचाच आहे... दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं."

चाचांनी तारांना स्पर्श केला नाही. नुसते बघत राहिले.

"वाजव परत."

पुन्हा तोच आवाज, तीच उतरण. षड्ज जवळ आला तसं चाचांनी नाडगौडांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट मधल्या तारेवर टेकवलं. अलगद.

तार थरथरत होती.

तव्याला लागावा तसा नाडगौडांनी हात मागे घेतला.

"हिनं हाक मारली, की हा ओ देतोय," चाचा म्हणाले. "एवढंच हाय."

खोलीचं काम सुरू झालं तेव्हा कुमुदिनीबाई आजारी पडल्या नव्हत्या अजून. एकदा गाता गाता मध्येच थांबून म्हणाल्या होत्या, "ते कानावरचं काढून एकदा नुसते समोर बसा ना." आणि हे म्हणाले होते, "खोली होऊ दे. मग बसतोच."

खोली झाली.

"मग... मग उपाय सोपा आहे," नाडगौडा म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना कारखान्यातला वाटला. "तंबोरा खाली नेला की झालं."

"कपाटाच्या ह्या चौकटीतनं?"

नाडगौडांनी वितीनं चौकट मोजली. भिंत तिरपी करताना कपाटापुढं बसवलेली ती नवी चौकट अरुंद होती, भोपळा तिच्यातून निघाला नसता. तंबोरा आधीच आत होता, आणि चौकट करताना त्याची आठवण कुणी ठेवली नव्हती.

"तारा उतरवतो मग. ढिल्या पडल्या की गुणगुणणार नाहीत. रविवार झाला की परत लावू. तुम्हीच लावून द्या."

"मी लावून देईन." चाचांनी मान हलवली. "पन ह्या तिनं लावल्यात."

"आपटे रविवारी येतायत, चाचा."

"खुंटी तुझ्यासमोर हाय."

चाचा बाजूला झाले. हात पाठीमागे बांधून, एखाद्याला वाट द्यावी तसे.

नाडगौडांनी पहिली खुंटी धरली. सालभर जागची हलली नव्हती, जोर लागला. तार कण्हल्यासारखी खाली उतरली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीपाशी हात थांबला. त्यांना फार वाईट वाटत होतं, आपण काहीतरी भलतंच करतोय हेही कळत होतं. पण अर्ध्यावर काम सोडायची त्यांना कधी सवयच नव्हती.

त्यांनी ती फिरवली.

कपाट लावलं, पडदा ओढला, खुर्चीत येऊन बसले. बटण दाबलं.

कुमुदिनीबाई उतरत उतरत षड्जावर आल्या, थांबल्या.

काही नाही. कुठं काही नाही. दीड वर्ष त्यांनी ज्या शांततेसाठी जीव आटवला ती शांतता खोलीत पसरली होती, आणि नाडगौडांचे कान तिच्यात कशाची तरी वाट बघत होते. बराच वेळ. ते आलं नाही.

"गेला, चाचा..." ते खुर्चीतूनच म्हणाले. "दोष गेला. आता तरी झाली ना खोली निर्दोष?"

चाचा दाराशी वाकून पायानं चप्पल चाचपत होते.

"झाली," ते म्हणाले. "आता हितं ऐकणारं कुणी उरलं न्हाई."