मूळ दिलेलं नाही

"पण सर, गेल्या वर्षीचा आकडा, म्हणजे मूळच दिलेलं नाही. मग ठरवायचं कसं?"

मुजावर सर फळ्याकडे बघत राहिले. बँकेच्या परीक्षेचा वर्ग सुटला होता. बाकांवर मी एकटीच.

फळ्यावर प्रश्न होता : दुकानाची विक्री यंदा किती रुपयांनी वाढली?

विधान एक : विक्री वीस टक्क्यांनी वाढली.

विधान दोन : दोन्ही वर्षांची सरासरी अकरा लाख.

उत्तर काढायचंच नाही. माहिती पुरेशी आहे की नाही, एवढंच सांगायचं. एम.एस्सी. झालेल्या बाईला इतपत जमायला हरकत नव्हती.

सरांनी खडू पुढे केला. "काय कमी आहे, लिही."

मी लिहिलं. चांगलं ठसक्यात.

सर गालात हसले. "एम.एस्सी.वाल्या बाईंनी ळ कुठं सांडला?"

मी मागे सरून वाचलं.

'मूल दिलेलं नाही.'

मी डस्टर उचलायला गेले, तर सरांनी ते आधीच काढून घेतलं होतं.

"लेक कुठं असते?"

"विट्याला, आईकडे. परीक्षा होईपर्यंत."

"केवढी?"

"दीड वर्षाची. आई फोनवर म्हणते, राही आता पूर्वीच्या निम्मंच रडते."

"मग बरंच झालं की."

"हो…"

मी खडू खाली ठेवला.

"बरं नाही झालं, सर. ती मला विसरतेय का, तेवढंच मला कळायला हवंय. विसरत असेल तर मी आजच बॅग भरते. परीक्षा गेली उडत."

सरांनी विधान दोन तळहातानं झाकलं. "एवढ्यावर पुरतं?"

"नाही. टक्के आहेत, पण कशाचे ते नाही."

हात विधान एकवर आला. "एवढ्यावर?"

"नाही."

त्यांनी हात काढला.

मी दोन्ही ओळी पाहिल्या… परत पाहिल्या.

"दोन्ही मिळून पुरतं. मूळ त्यातूनच निघतं. दहा लाख."

"आकडा कुणी विचारला होता?"

मी ओशाळले. हे माझं नेहमीचंच.

"मग माझंही सांगा ना, सर. निम्मं रडते, एवढ्यावरून कळतं का काही?"

सरांचा हात पुन्हा विधान दोनवर गेला, आणि तिथंच राहिला.

"तिच्याकडंही एकच विधान आहे, पोरी : आई गेली. परत येणार, हे दुसरं तिला दिलेलंच नाही."