बोडक्या डोंगराचा वाटा

इतिहासात याची नोंद नाही, पण फार पूर्वी युरोपातल्या एका राजघराण्यात वाटणीवरून तलवारी निघाल्या. म्हाताऱ्या राजाने राजवाडा स्वतःकडे ठेवला होता. राजपुत्रांसाठी उरला नदीकाठ आणि एक बोडका डोंगर. डोंगर कुणालाच नको होता.

तेवढ्यात बागेतल्या पोळ्यातून म्हातारी राणीमाशी निम्म्या माश्या घेऊन निघाली.

“लेकीने हाकललं का गं?” राजाने विचारलं.

“छे हो! भरलं पोळं मीच तिला दिलं. नवं बांधायचं कसं, ते मला येतं ना!”

राजाने राजवाडा थोरल्याला दिला, नदीकाठ धाकट्याला, आणि स्वतः डोंगरावर गेला. तिथे सफरचंदं लावली, शेळ्या पाळल्या.

दहा वर्षांनी राजपुत्र पुन्हा भांडत आले. आता दोघांनाही डोंगरच हवा होता.

“घ्या, दोघं मिळून सांभाळा,” राजा म्हणाला आणि पलीकडच्या बोडक्या डोंगराकडे बघत खुशीत सामान बांधू लागला.