डुकरोबाचं गाऱ्हाणं

माणसाला शेती ठाऊक नव्हती त्या काळी कोकणातल्या एका सड्यावर, उघड्या माळरानातल्या जांभ्या कातळात, कुणीतरी एक गेंडा कोरला. नाकावर चांगलं ठसठशीत शिंगही कोरलं. तरी हजारो वर्षांनी तिथे वसलेले गावकरी त्याला म्हणायचे डुकरोबा!

दर शिमग्याला गावचे मानकरी यायचे, नारळ ठेवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे, "बा डुकरोबा, तू या सड्याचा राखणदार. रानडुकरांपासून आमची शेती राख रे महाराजा!"

मागची मंडळी ओरडायची, "व्हय महाराजा!"

"कसला व्हय महाराजा!" गेंडा सड्यावरच्या टिटवीपाशी चरफडायचा. "शिंग दिसत नाही यांना? आणि कातळातून उठून मी डुकरं हाकलू होय?"

शेजारी कोरलेला मासा हसायचा. "मला बघ. पोरंसोरंसुद्धा मासा म्हणूनच ओळखतात."

गेंड्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वर्षी चिरे काढायचं यंत्र सड्यावर आलं. कातळ कापत कापत ते माशावरून गेलं आणि गेंड्यापाशी पोचलं. तिथला वाळका नारळ पाहून चालवणाऱ्याने यंत्र थांबवलं.

"इथे राखणदार आहे. इथला चिरा मी नाही काढणार," तो म्हणाला आणि यंत्र वळवून निघून गेला.

पुढच्या शिमग्याला मानकऱ्यांनी नारळ ठेवला. "बा डुकरोबा..."

टिटवीने गेंड्याकडे पाहिलं. तो माशाच्या जागी पडलेल्या चौकोनी खड्ड्याकडे बघत होता.

"व्हय महाराजा," गेंडा पुटपुटला.