केरबाचं पान

बाळांनो, जांभूळकडा गावाला नदी वळसा घालते तिथे, उंबराच्या सावलीत सोमगिरी महाराज राहत असत. मठ म्हणजे काय, तर एक धुनी, एक ओसरी आणि पुढे सारवलेलं अंगण. महाराज फार बोलत नसत. आलेल्याला पहिल्यांदा विचारत, "जेवलास का?"

मोठं युद्ध संपल्यावर याच गावात यसाजी मांढरे परत आला. तो पलटणीत होता. सिंगापूर पडलं तेव्हा शत्रूने त्याला पकडलं आणि इतर कैद्यांबरोबर जहाजात कोंबून दूरच्या एका बेटावर नेलं. तिथे विमानांसाठी धावपट्टी करायची होती. कैद्यांनी डोक्यावर दगडांच्या पाट्या वाहायच्या आणि मूठभर भातावर दिवस काढायचा. जो पडला, त्याला भात बंद. मग बाकीचे आपल्या मुठीतला एकेक घास बाजूला काढून त्याला भरवत. तरी माणसं मरतच होती. त्यांना ना अग्नी मिळाला, ना कोणाच्या हातचं पाणी.

गावात यसाजी मेल्याचीच खबर आली होती. त्याचं तेरावंही झालं होतं. तो दारात उभा राहिला, तेव्हा त्याची बायको सारजा आपलं मोकळं कपाळ दोन्ही हातांनी झाकून रडत सुटली!

पण गावाला त्याची भीती वाटू लागली. जेवताना यसाजी डाव्या हाताला जागा सोडी, तिकडे एक घास ठेवी आणि हलकेच म्हणे, "घे रे." कुत्री त्याच्या दारावरून जाईनाशी झाली.

गावचे दौलतराव देशमुख मोठे गर्विष्ठ. लढाईच्या काळात त्यांनी गावची पोरं भरतीला नेली होती आणि सरकारकडून मानाची तलवार मिळवली होती. चावडीवर ते म्हणाले, "मर्द असता तर लढून मेला असता! हा शत्रूच्या पाट्या वाहून आला आणि येताना भुतं घेऊन आला. मठाच्या भंडाऱ्याला गावाने याला पंगतीत घेतलं तर राहू दे. नाही घेतलं, तर बायकोला घेऊन याने गाव सोडायचं."

भंडाऱ्याच्या दिवशी भर दुपारी मठाच्या अंगणात पंगत बसली. यसाजी टेकला मात्र, शेजारची माणसं आपापली पानं उचलून दूर सरकली. सारजा भात वाढत होती. ती भांडं घेऊन यसाजीच्या पानाशीच उभी राहिली.

महाराज ओसरीवरून उतरले. म्हणाले, "यसाजी, तुझ्या डाव्या हाताला किती जण बसतात रे?"

"मोजलं न्हाई, महाराज. जागा पुरत न्हाई, येवढंच कळतं."

"मग अंगण आहे की! पानं मांडा. पार नदीपर्यंत मांडा."

पानं मांडली. रिकाम्या पानांवर भात वाढला. आणि काय सांगू, वारा पडला. एकही माशी त्या भातावर बसेना. वाफ वर जाण्याऐवजी पानांवरच दबून राहिली, जणू कोणीतरी तोंड खाली घालून बसलं होतं. पोरंटोरं आयांना बिलगली.

दौलतराव खदाखदा हसले. "भुतांचं जेवण ना? मीच जेवतो!" असं म्हणून ते यसाजीच्या डाव्या हाताच्या पानावर बसले.

त्यांनी पहिला घास घेतला आणि हसणं थांबलं. ते भराभर खाऊ लागले. पान संपलं, पुन्हा वाढलं, तेही संपलं. भूक भागेना. त्यांची मान हळूहळू वाकली. हात आपोआप डोक्याकडे गेले, न दिसणारी पाटी सावरायला. तळव्यांवर फोड उठले. भर उन्हात ते थंडीतापाने कुडकुडू लागले.

"मालक, उठा की!" त्यांचा गडी ओरडला.

"उठवत नाही रे," दौलतराव पुटपुटले. "बसलेला दिसलो, तर मारतील."

गडी महाराजांच्या पाया पडला. महाराज म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? त्या जागेवरून माणूस कसा सोडवायचा, ते यसाजीला ठाऊक आहे."

सगळ्यांचे डोळे यसाजीकडे लागले. आता तो नुसता बघत राहिला असता, तरी त्याचा सूड उगवला असता! पण यसाजीने आपल्या पानातला घास उचलला, दौलतरावांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो घास त्यांच्या तोंडात घातला. "घे रे," तो म्हणाला.

दौलतरावांनी डोळे उघडले. फोड मावळले. त्यांनी नदीपर्यंतच्या पंगतीकडे पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. "सगळे बसलेत," ते कुजबुजले. "यसाजी, मी कोणाच्या जागेवर बसलो होतो?"

"केरबाच्या. आपल्या गावच्या. तुम्हीच भरतीला नेलं होतं त्याला. माझ्या मांडीवर गेला."

दौलतराव महाराजांच्या चरणांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही, बाबा. जेवण झालंय. त्यांच्या हातावर पाणी घालायचं राहिलंय."

यसाजी तांब्या घेऊन उठला. प्रत्येक पानाशी पाणी सोडत तो एकेक नाव घेऊ लागला. मागून घागर घेऊन दौलतराव चालत होते. सरकलेली माणसं आपली पानं घेऊन परत यसाजीच्या जागेशेजारी येऊन बसली. सारजाने पदराने डोळे पुसले.

ज्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनाही "जेवलास का?" असं विचारणारे आमचे महाराज! त्या दुपारी दौलतराव नदीच्या काठापर्यंत गेले आणि मग एकटेच माघारी फिरून केरबाच्या पानाशी आले. पागोटं काढून त्यांनी जमिनीला कपाळ टेकलं, आणि बराच वेळ वर उचललं नाही.