न गळणाऱ्या कुंड्या

फार पूर्वी, एकच घागर आजोबांपासून नातवापर्यंत पुरायची त्या काळी, एका गावात एक तांबट राहत होता. त्याच्या हातचं भांडं कधी गळत नसे. नवी घागर घडवून झाली की तो ती काठोकाठ भरायचा, कोरड्या राखेवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून खालची राख बोटाने चाचपायचा. राख जराशी दमट लागली की घागर परत भट्टीकडे. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी बेहत्तर.

गळती हा शब्दच त्याला सहन होत नसे. जेवताना कुणाच्या मनगटावर ताकाचा ओघळ आला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. पाऊस लागला की आभाळाचं काम कुणा शिकाऊ माणसाने केलेलं दिसतंय, असं तो अगदी गंभीरपणे म्हणायचा.

त्या गावात एक रीत होती. वसंत पंचमीला घरोघरच्या बायका ग्रामदेवीला फुलं वाहायच्या आणि वाहताना ती कुणाच्या दारची, ते मोठ्याने सांगायच्या. मागून आणलेली फुलंही देवीला चालत, पण नाव घ्यायचं ते झाड लावणाऱ्याचं. तांबटाच्या अंगणात भट्टी, कोळसे आणि पत्र्याचे तुकडे. तिथे गवताची काडीही उगवत नव्हती. त्यामुळे तांबटीण लग्न होऊन आल्यापासून दर पंचमीला शेजारच्या शिंपिणीचंच नाव घेत आली होती.

"यंदा एकदा तरी आपल्या घराचं नाव घ्यावं म्हणते," भाकरी थापता थापता ती एकदा म्हणाली. म्हणाली अगदी हळू, पण तांबटाच्या काळजाला ते लागलं. इतक्या वर्षांत तिने कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही चार फुलं.

तांबट झपाटून कामाला लागला. भट्टी मागच्या बाजूला हलली, अंगण लखलखीत झालं. त्याने तांब्या-पितळेच्या नऊ कुंड्या घडवल्या. एकीला हत्तीचे पाय, एकीच्या काठावर मोरांची रांग, एकीवर ठोक्याठोक्याने उठवलेली वेल. नऊच्या नऊ कुंड्या राखेवर ठेवून पारखल्या. राख भुरभुरीत कोरडी निघाली. तांबटिणीने त्यांत माती भरून कुंद, गुलाब आणि शेवंतीची कळ्या धरू लागलेली रोपं लावली. सकाळचं ऊन पितळेवर पडलं की रस्त्याने जाणारे थांबून बघत. तांबट रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने पाणी घालायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, की आपल्याकडे एक थेंब वाया जात नाही.

भिंतीपलीकडे शिंपिणीची बाग होती. तांबटाच्या मते ती बाग नव्हतीच, भंगाराचा बाजार होता. चिरलेला माठ, बूड गंजलेली बादली, तळाशी तडकलेली बरणी. शिंपिणीने सगळ्यांना गेरू फासून वर चुन्याची नक्षी काढली होती आणि प्रत्येकातून फुलं नुसती उतू जात होती. मधोमध एक जुनं तांब्याचं घंगाळं होतं, त्यात पांढराशुभ्र कुंद. पण ते घंगाळं बुडाशी गळायचं. टप, टप, टप. तांबटाची हातोडी थांबली की तो आवाज भिंतीवरून यायचा आणि त्याचे दात आपोआप आवळले जायचे.

अशात शिंपीण एका लग्नघरचे कपडे शिवायला दहा दिवस परगावी गेली. झाडांना पाणी घालायला तांबटिणीला सांगून गेली. तांबटाने संधी साधली. मनात हेतू फार चांगला होता हो. त्याने कुंदाचं झाड मातीसकट अलगद उचलून बाजूला ठेवलं, घंगाळ्याचं भोक बुजवून पक्का डाख दिला, झाड परत आत बसवलं आणि घंगाळं चिंचेने घासून आरशासारखं केलं. टपटप थांबली. त्या दिवशी त्याला जेवणही दोन घास जास्त गेलं.

इकडे त्याच्या स्वतःच्या कुंड्यांतली पानं मात्र पिवळी पडू लागली होती. त्याला वाटलं, ऊन लागतंय. त्याने दोनाच्या जागी तीन वेळा पाणी घालायला सुरुवात केली. पानं आणखी लोंबली. मग चार वेळा. तांबटीण रोज कळ्या मोजायची, आणि रोज एखादी कमी भरायची. पंचमी पंधरा दिवसांवर आली होती.

शिंपीण परत आली. तिच्या बागेत सगळं हसत होतं, फक्त घंगाळ्यातला कुंद मान टाकून बसला होता. तांबट आपल्या कामगिरीचं कौतुक ऐकायला भिंतीशी येऊन उभा राहिला. शिंपिणीने मातीत बोट घातलं, हुंगून पाहिलं, घंगाळं तिरकं करून खालचा चकचकीत डाख पाहिला आणि मटकन खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तांबटाला काही कळेना. एवढं सफाईचं काम, आणि ही बाई हसते काय?

"दादा, काम तुमचं एक नंबर आहे," शेवटी डोळे पुसत ती म्हणाली. "तुम्ही भोकं बुजवून पोट भरता, मी सुईने भोकं पाडून. पण झाड तुमचं गिऱ्हाईक नाही, माझं आहे. पाणी पिऊन झालं की उरलेलं खाली सोडायला त्याला वाट लागते. नाहीतर मुळं कुजतात बिचारी."

तांबट घरी आला. मोरांच्या कुंडीत त्याने बोट घातलं. आत नुसता चिखल होता आणि त्याला डबक्याचा वास येत होता. म्हणजे ऊन नव्हे, तहान नव्हे; आपल्याच कसबाने आपण झाडं बुडवत होतो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपाय समोर होता. नऊ कुंड्यांच्या बुडाला नऊ भोकं. तो हातोडी आणि पत्र्याला भोक पाडायचा सुंबा घेऊन बसला, पण हात काही उठेना. ज्या हाताने जन्मभर एक थेंब गळू दिला नाही, त्याच हाताने भोक पाडायचं? आणि तेही आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या भांड्याला? गावाने काय म्हणावं?

तांबटीण जवळ येऊन टेकली. "राहू द्या," ती म्हणाली. "कुंड्या फार सुंदर झाल्यात. त्यांना नका धक्का लावू. मी यंदाही शिंपिणीचंच नाव घेईन, मला सवय आहे."

ते "सवय आहे" ऐकलं आणि तांबट पुढे सरकला. त्याने मोरांची कुंडी आडवी केली, झाड बाहेर काढलं, सुंबा बुडावर टेकवला आणि डोळे मिटून घाव घातला. पहिल्या घावाला त्याच्या तोंडून हाय निघाली. चौथ्या कुंडीपर्यंत डोळे उघडे राहू लागले. नववी होईपर्यंत भोक अगदी गोल आणि गुळगुळीत कसं येईल याकडे त्याचं लक्ष लागलं होतं. तांबटच तो. मग शिंपिणीने सांगितलं तसं त्याने खाली खापऱ्या घातल्या, कोरडी माती भरली आणि झाडं पुन्हा लावली. शिंपिणीच्या घंगाळ्याचा डाखही त्यानेच काढून दिला.

सगळी झाडं काही वाचली नाहीत. चार गेली. पण मोरांच्या कुंडीतल्या कुंदाने पंचमीच्या सकाळी बरोबर सात फुलं उघडली. तांबटिणीने ती केळीच्या पानात घेतली आणि देवळात जाऊन आपल्या घराचं नाव इतक्या मोठ्याने घेतलं की पुजारी दचकला. मागे उभ्या असलेल्या तांबटाने त्यात आपणहून शिंपिणीचं नाव जोडलं. रीत तशी नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही.

पुढे गावोगावची माणसं त्याच्याकडे कुंड्या करून घ्यायला येऊ लागली. तांबटाने पारख करायची जुनी पद्धत सोडली नाही. प्रत्येक कुंडी तो माती भरून राखेवर ठेवायचा, पाणी घालायचा आणि दुसऱ्या दिवशी राख चाचपायचा. राख कोरडी निघाली की कुंडी परत भट्टीकडे.

तात्पर्य: ज्या गुणाने आपलं नाव झालं, तोच गुण सगळीकडे चालवू नये, समोरच्या जिवाला काय हवं ते आधी विचारावं.