वाटजाईची अनवाणी वाट

द्वारकाकाकू एकदा वाटजाई देवीला नवस बोलल्या होत्या. सून बाळंतपणात अडली होती, डॉक्टर काही धड बोलेनात. तेव्हा काकूंनी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून हात जोडले, "आई, दोन्ही जीव सुखरूप घरी आण. अकरा मंगळवार वेशीपासून तुझ्या पायरीपर्यंत अनवाणी येईन." आईने ऐकलं. काकू भर बाजाराच्या रस्त्याने अकरा मंगळवार चालल्या आणि एकदाही पायाला काच म्हणू नका, काटा म्हणू नका, साधा खडासुद्धा टोचला नाही. देवळात येणाऱ्या पाहुण्यांना काकू आधी हे सांगतात आणि मग पायरीवर टेकून करंजपेठेच्या या रस्त्याची कथा सांगायला घेतात.

करंजपेठ नगरपालिकेची सभा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरते. पण त्याआधी नगराध्यक्ष आणि सगळे नगरसेवक वेशीवर चपला काढून देवळापर्यंत अनवाणी चालत येतात. वाटेत कुणाच्या पायाला काही टोचलं, तर सभा भरत नाही. नगराध्यक्षाने स्वतः खराटा हातात घ्यायचा, रस्ता झाडायचा आणि सगळ्यांनी पुन्हा वेशीपासून निघायचं. बाहेरगावची माणसं हे बघून हसतात. मागची हकीकत कळली की त्यांचं हसू ओठांवरच विरतं.

फार पूर्वी पेठेचा कारभार पाच पंच पाहत. आताची नगरपालिका बसते ती त्यांच्याच जागेवर. पंचांत मुख्य होते विसाजीपंत. स्वच्छतेचे मोठे भोक्ते, असे सांगतात. उन्हं यायच्या आत आळी न आळी झाडून सडा पडलेला असायचा. कुणी शेजाऱ्याच्या दारात उष्टं-खरकटं टाकलं, तर तेच हातात घेऊन त्याला चावडीपुढे उभं राहावं लागे. सगळी पेठ आरशासारखी लख्ख, म्हणे.

झाडला जात नव्हता तो एकच रस्ता. देवीचा.

वाटजाई रोज पहाटे देवळातून उतरते, या रस्त्याने वेशीपर्यंत जाऊन गाव बघून येते, अशी पेठेची श्रद्धा. म्हणून जत्रेत पालखीवर माड्यांमधून हिरव्या बांगड्यांचा वर्षाव व्हायचा. नवस फेडणारे रस्त्यातच नारळ फोडायचे. लिंबं, हार, पत्रावळी, जे वाहिलं ते तिथेच राहायचं. देवीला वाहिलेलं खराट्याने लोटायचं म्हणजे घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर लोटण्यासारखं! विसाजीपंतांनी स्वतःच्या हाताने हुकूम लिहिला होता, की देवीच्या वाटेला खराटा लागता कामा नये. सगळे जाड तळाच्या वहाणा घालून यायचे आणि देवळाच्या पायरीशी काढायचे. त्यामुळे पायाखाली काय साचलंय, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या वर्षी पंतांची नऊ वर्षांची लेक, मैना, तापाने अंथरुणाला खिळली. चौदा दिवस झाले, पोर डोळा उघडेना. पंतांच्या पत्नी सगुणाबाई देवघरात गेल्या, पदर पसरला आणि बोलून गेल्या, "पोरीला डोळे उघडू दे, वेशीपासून लोटांगण घालत येईन." दुसऱ्या दिवशी मैनाने भाताची पेज मागितली.

पंतांना नवस कळला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "अगं, त्या वाटेवर लोटांगण? अभिषेक करू, सवाष्णी जेवू घालू."

"बोलले ते लोटांगण, अहो. आता आईशी काय घासाघीस करू? दिलेली पोर ती परत मागेल."

तीच धास्ती होती त्यांच्या मनात. नवस मोडला, तर मैना जाईल.

मंगळवारी ओल्या नेसूने सगुणाबाई वेशीत आडव्या झाल्या. लोक दुतर्फा उभे राहून देवीचा जयजयकार करत होते. तिसऱ्याच वळशाला खांद्यात काहीतरी शिरलं. सगुणाबाईंनी ओठ दाबले. मग कोपरात, मग पाठीत. बांगड्यांच्या काचा, करवंट्यांच्या कडा, वर्षावर्षांच्या साचलेल्या. त्या मनात मैनाचं नाव घेत वळत राहिल्या. तांबट आळीच्या तोंडाशी आल्या तेव्हा ओलं नेसू लाल झालं होतं आणि जयजयकार थांबला होता. एका म्हातारीने डोळ्यांवर हात घेतले.

"सगुणा, ऊठ!" पंत ओरडले. "मी सांगतो, ऊठ!"

त्या उठल्या नाहीत. मान वळवून पाहिलं, तर आळीच्या कडेला ठकू उभी होती, पेठेची झाडणारीण. हातात खराटा, आणि डोळ्यांतून पाणी.

"ठकू, माझ्यापुढं जरा झाड गं."

"बाईसाहेब, मी कशी झाडू? पंचांचा हुकूम हाय. आन् देवीचा कोप झाला, तर पोरीवर यायचा."

गर्दीतून कुजबुज उठली. खराटा लागला तर मैना गेलीच, असंच सगळे म्हणू लागले. न उठता पुढे जावं तर अंगात त्राण उरलं नव्हतं. झाडावं तर लेक. कपाळ रस्त्याला टेकून सगुणाबाई पडून राहिल्या. आणि तशाच पडल्या पडल्या त्यांना जे सुचलं, ते त्यांनी मोठ्याने विचारलं,

"अहो, आई रोज पहाटे याच वाटेनं जाते ना? ती वहाणा घालून जाते का हो?"

पंतांनी आपल्या पायांतल्या वहाणांकडे पाहिलं.

तेवढ्यात देवळाचा गुरव, म्हातारा राणोजी, गर्दीतून पुढे आला. "पंत," तो म्हणाला, "मी रोज पहाटे आईच्या पादुका धुतो. रोज पाणी लाल निघतं. बाप म्हणायचा, कुंकवाचं पाणी आहे, टाकून दे. मी टाकत आलो." "पण पंत, आपल्याकडं पादुकांना कुंकू लावायची चालच नाही. आपण नुसती हळद वाहतो."

बायांनी तोंडाला पदर लावले. ज्यांनी हौसेने बांगड्या उधळल्या होत्या, ते आपल्या हातांकडे बघत राहिले. एवढी वर्षं! एवढी वर्षं आपण आईच्या पायाखाली काचा अंथरल्या आणि त्याला भक्ती म्हटलं.

पंतांनी वहाणा काढल्या. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला कळ थेट मस्तकात गेली. ते तसेच लंगडत ठकूपुढे गेले आणि हात पुढे केला. जिची सावलीही पेठेला चालत नसे, तिच्यापुढे मुख्य पंचाचा हात!

"खराटा दे. कोप व्हायचा तो हुकूम लिहिणाऱ्यावर होऊ दे."

पंत झाडू लागले, पण झाडणं त्यांना कुठलं यायला! धुळीचा लोट उठला तो त्यांच्याच नाकातोंडात गेला.

"मालक, हुकूम लिवनं वायलं आन् ह्ये वायलं," ठकू रडता रडता म्हणाली. "वाऱ्याकडं पाठ करा. आन् असं खालून, हलक्या हातानं."

तिने दाखवलं तसे पंत झाडत गेले. दुसरा खराटा घेऊन ठकू त्यांच्या बरोबरीने. उरलेले चार पंच उपरण्यांत काचा वेचत होते. झाडलेल्या त्या पट्ट्यावरून सगुणाबाई वळत वळत पायरीपर्यंत पोहोचल्या. पायरीला डोकं टेकलं आणि त्यांची शुद्ध हरपली.

पुढचे आठ दिवस पेठेने जीव मुठीत धरून काढले. पंतांच्या घरी तर चूलही नीट पेटली नाही. सगुणाबाई जखमांना हळद लावून लेकीच्या उशाशी बसून राहायच्या, तिच्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून बघायच्या. नवव्या दिवशी सकाळी त्यांचा डोळा लागला आणि जाग आली तर अंथरूण रिकामं! त्या बाहेर धावल्या. मैना देवीच्या वाटेवर, झाडलेल्या मातीत चौकोन आखून, अनवाणी पायांनी ठिकरी खेळत होती. त्याच पहाटे राणोजीने पादुका धुतल्या, तेव्हा पाणी नुसतं हळदीचं, पिवळंधमक निघालं, म्हणे.

पंतांनी जुना हुकूम फाडला. नवा लिहिला नाही. पुढच्या सभेला निघताना त्यांनी वहाणा वेशीवर काढल्या आणि मागचे चौघे आपल्या काढू लागले.

आजही पहिल्या मंगळवारी खराटा लागलाच, तर तो नगराध्यक्षांनी पेठेतल्या सर्वांत जुन्या झाडणारणीच्या हातून घ्यायचा असतो, मान लववून. जत्रेत बांगड्या उधळत नाहीत, परडीत वाहतात. निर्माल्याचे हौद नगरपालिकेने कोपऱ्याकोपऱ्यावर बांधलेत, आणि पादुकांचं पाणी गुरव आजही ओतण्याआधी उजेडात धरून बघतो.

एवढं सांगून द्वारकाकाकू पाहुण्यांच्या हातावर खडीसाखर ठेवतात. "मोठा नवस नका बोलू हो," त्या म्हणतात. "फार नको. तुमच्या गावी गेलात की फक्त एक मंगळवार चपला घरात ठेवा आणि आपल्याच रस्त्यानं कोपऱ्यापर्यंत चालून या. पायाला जे लागेल, ते तिथंच वाकून उचला. एवढं कराल ना माझ्यासाठी?"